पहिली डिझेल पिकअप घेताना: हप्ता गाडीनं भरायचा की शेतीनं?

आमच्या जुन्नर तालुक्यात टोमॅटोचा सीझन आला की दोन-चार पोरं तरी हमखास विचारतात, दादा, पिकअप घेऊ का? २०२३ च्या जुलैत नारायणगावला २० किलोच्या क्रेटला दोन हजाराच्या वर भाव गेला तेव्हा तर रोज कोणीतरी विचारायचं, आणि त्यातल्या काहींनी घेतली पण. तेजीच्या पैशातून डाऊन पेमेंट निघालं, पण तेजी असते पाच-सहा आठवडे आणि हप्ता असतो पाच वर्षं, त्यामुळं भाव उतरले तसं बऱ्याच जणांना सोसायटीचं कर्ज आणि गाडीचा हप्ता दोन्ही एकदम ओढावं लागलं. मी स्वतः २०२१ मध्ये घेतली, १७०० पासिंगची (म्हणजे १७०० किलो माल न्यायची परवानगी), डिझेल, बीएस सिक्स (गाडीच्या धुराचा नवा सरकारी नियम), मीटर आता सव्वादोन लाखाच्या पुढं गेलंय. गाडीनं मला पैसे दिलेत, पण पहिल्या दोन वर्षात मी बऱ्याच गोष्टी पैसे घालवून शिकलो आणि त्या तुम्हाला फुकटात कळाव्यात एवढ्यासाठी हे लिहितोय. क्रमानं जा, मधली पायरी सोडू नका.

पायरी १: आधी वही, मग शोरूम

शोरूमला पहिल्याच दिवशी जाऊ नका. तिथं गेलं की गाडी आवडते, पेढे दिसायला लागतात, आणि मग माणूस हिशोब उलटा करतो, म्हणजे गाडी घ्यायचीच आहे हे धरून आकडे बसवतो. त्यापेक्षा घरी बसून वही काढा.

माझ्याकडचा हिशोब देतो, तुमच्या भागाप्रमाणे आकडे बदला. समजा गाडी सगळं धरून साडेदहा-अकरा लाखाला पडली, अडीच-तीन लाख तुम्ही भरले आणि ८ लाख लोन काढलं, ५ वर्षांसाठी, ११ टक्क्यानं. हप्ता येतो साधारण १७,४०० रुपये. पाच वर्षात ८ लाखाचे १० लाख ४४ हजार जातात. इन्शुरन्स बघा, ७५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टीच १६,०४९ रुपये आहे, वर टॅक्स, आणि लोनवरच्या नव्या गाडीला फर्स्ट पार्टी (आपल्या गाडीचंही नुकसान भरून देणारा) काढावाच लागतो, म्हणजे वर्षाला ३६ हजार धरा, महिन्याला ३ हजार. गाडी दारात उभी असली तरी महिन्याला २०,४०० रुपये लागणारच.

आता एक खेप. नारायणगाव ते वाशी मार्केट माळशेजमार्गे, जाऊन येऊन ३३० किलोमीटर. लोड जाताना आणि रिकामी येताना मिळून ॲव्हरेज १२ चं धरा, साडेसत्तावीस लिटर डिझेल, ९१ च्या भावानं अडीच हजार. टोल, पार्किंग, चहापाणी ५००. ड्रायव्हर ठेवला तर १,०००. टायर, ऑइल, ब्रेक, पाटे (चाकांवर गाडी तोलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या) यांच्यासाठी किलोमीटरला २ रुपये बाजूला टाका, ६६० झाले. (हे २ रुपये कोणीच धरत नाही, आणि मग एक दिवस चार टायर एकदम येतात तेव्हा उसनं मागायला लागतं.) भाडं मिळालं ६,०००. राहिले १,३४०. महिन्याला १५ खेपा केल्या तर २०,१००.

म्हणजे ड्रायव्हर ठेवून, येताना रिकामं येऊन, महिन्यात १५ रात्री गाडी पळवून तुम्ही तीनशे रुपये खिशातून घातले.

हा आकडा बघून घाबरू नका, पण समजून घ्या की फायदा कुठून येतो. स्वतः चालवली तर त्या १५ खेपांचे १५ हजार घरात राहतात. येताना रिटर्न भाडं लागलं, किराणा म्हणा, फर्निचर म्हणा, खताच्या गोण्या म्हणा, २ हजाराचं जरी आणि १५ पैकी ८ वेळा जरी, तरी १६ हजार. म्हणजे पिकअपचं खरं उत्पन्न येताना आहे, जाताना नाही. म्हणून गाडी घ्यायच्या आधी महिनाभर हेच काम करा: वाशी, कल्याण, चाकण, जिथं जाणार तिथल्या ट्रान्सपोर्टवाल्यांना भेटा, चार-पाच नंबर घ्या, रिटर्नला काय मिळतं, कधी मिळतं, पैसे रोख का महिन्यानं ते विचारा. हे नंबर हातात नसतील तर गाडी बुक करू नका, थेट सांगतो.

आणि फक्त स्वतःचाच माल न्यायचा असेल तर? दोन-तीन एकर बागायत असेल आणि वर्षात ६०-७० खेपा होत असतील तर भाड्यानं गाडी लावणं स्वस्त पडतं. ६० खेपांचं भाडं होतं ३ लाख ६० हजार. स्वतःच्या गाडीचा वर्षाचा हप्ता आणि इन्शुरन्स मिळून २ लाख ४५ हजार, त्यात डिझेल, टोल, टायरचे २ लाख २० हजार मिळवा. स्वतः चालवून सुद्धा लाखभर जास्त गेले. १०५-११० खेपांच्या आसपास दोन्ही बरोबरीत येतात. स्वतःच्या दारात गाडी असली की वेळ आपल्या हातात राहते, रात्री अकराला तोडा संपला तरी माल निघतो, याची किंमत आहेच आणि ती मी कमी समजत नाही, पण ती किती हे आकड्यात बघून मग ठरवा.

पायरी २: डिझेलच पाहिजे का ते तपासा

डिझेलचा खरा फायदा ॲव्हरेज नाही, ओढ आहे. आपल्याकडं जास्त चालणाऱ्या बोलेरो पिकअपचं उदाहरण घ्या, इंजिन अडीच लिटरचं, २५२३ सीसी, पॉवर ७५ एचपीच्या आसपास, म्हणजे कागदावर एखाद्या छोट्या पेट्रोल कारपेक्षा सुद्धा कमी. पण टॉर्क म्हणजे ओढायची ताकद २०० न्यूटन मीटरच्या आसपास आहे आणि ती दीड-दोन हजार आरपीएमलाच, म्हणजे इंजिन हळू फिरत असतानाच मिळते. म्हणून गाडी शेतातल्या ओल्या बांधावरून दीड टन घेऊन पहिल्या गिअरला गुरगुरत निघून येते, रेस न वाढवता. पेट्रोल किंवा सीएनजीला तीच ओढ काढायला इंजिन वर न्यावं लागतं, क्लच जास्त खातो. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जाच जास्त असते आणि डिझेल इंजिन दाब देऊन पेटवतं त्यामुळं ती वाया कमी जाते.

मग तोटे. गाडी महाग, सर्व्हिस महाग, ऑइल जास्त लागतं, डिझेल फवारणाऱ्या नोझलचं किंवा पंपाचं काम निघालं की पाच आकडी बिल येतं, आवाज आणि थरथर आहेच. रोज शहरात ४०-५० किलोमीटर, हलका माल, सारखं थांब-चाल, असं काम असेल तर डिझेल घेऊ नका. पुण्यात दुधाची लाईन, बिस्किटं, पाण्याचे जार असल्या कामाला सीएनजी बरी, टाटा इंट्रा, अशोक लेलँडची दोस्त, बोलेरो मॅक्स या सगळ्यांत सीएनजी मिळते. ठरलेला रोजचा रूट असेल आणि रात्री चार्जिंगची सोय असेल तर इलेक्ट्रिकचा पण हिशोब करून बघा. पण सीएनजीचा पंप तुमच्या रूटवर कुठं कुठं आहे आणि तिथं रात्री किती वेळ लाईनीत थांबावं लागतं ते स्वतः जाऊन बघून या, टोमॅटो गाडीत असताना दीड तास लाईनीत उभं राहणं परवडत नाही. घाट, लांब पल्ला, पूर्ण लोड, खराब रस्ता, या चारपैकी तीन गोष्टी तुमच्या कामात असतील तर डिझेल. दोनच असतील तर परत वहीकडे जा.

पायरी ३: साईज

यात फार डोकं लावू नका. एक टनाच्या आत छोटा हत्ती (टाटा एस), सव्वा टनाला दोस्त, तेराशे किलो ते दोन टनाला बोलेरो आणि टाटाची योद्धा. डबल केबिनची कॅम्पर कामगार नेणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला ठीक, शेतमालाला हौदा छोटा पडतो. इसुझुची व्ही-क्रॉस, टोयोटाची हायलक्स या गाड्या दिसायला जबरदस्त आहेत, पण त्या हौसेच्या आणि प्रवासाच्या गाड्या, त्यांचा हप्ता भाज्यांच्या भाड्यातून निघत नाही.

फक्त एक बघा, हौद्याची लांबी. तुमचं क्रेट हौद्यात किती ओळी बसतं हे टेप घेऊन मोजा. सात-आठ इंचासाठी एक आख्खी ओळ कमी बसली तर पाच वर्षं ती ओळ कमीच बसणार आहे.

पायरी ४: बीएस सिक्स समजून घ्या, नाहीतर माझ्यासारखं होईल

१ एप्रिल २०२० पासून बीएस सिक्स आलं. या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या लाईनीत डीपीएफ नावाची जाळी असते, धुरातली काजळी ती अडवते. काजळी साठत जाते, आणि ठरावीक साठली की गाडी स्वतःच थोडं जास्तीचं डिझेल सोडून ती जाळी सहाशे डिग्रीच्या आसपास तापवते आणि काजळी जाळून टाकते, याला रीजनरेशन म्हणतात. हे व्हायला गाडी सलग २०-३० मिनिटं बऱ्या स्पीडला पळावी लागते. मधेच बंद केली की काम अर्धवट.

आता माझं ऐका. पहिल्या हिवाळ्यात वाशीच्या खेपा बंद होत्या आणि तीन महिने मी फक्त शेतातून कलेक्शन सेंटरला माल टाकत होतो, पाच-सहा किलोमीटर, दिवसातून चार वेळा. डॅशवर पिवळा लाईट लागला. गाडी चालत होती म्हणून मी पण चालवत राहिलो. मग एक दिवस वाशीचं भाडं लागलं, ७० क्रेट भरून रात्री निघालो, ओतूर गेलं, मढच्या पुढं एका साध्या चढाला गाडीनं जीवच सोडला. इंजिन दोन हजाराच्या वर जाईना, दुसऱ्या गिअरला सुद्धा ढकलल्यासारखं चाललेलं. रात्री एक वाजता रोडच्या कडेला मित्राची गाडी बोलावून ७० क्रेट एकेक करून हातानं त्याच्या गाडीत टाकले, आणि मार्केटला पोचेपर्यंत सकाळचा चांगला भाव निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं पहिलं काय केलं तर ऑइलची पट्टी काढली, फडक्याला पुसली, परत घातली, काढली आणि माझ्या नाकाजवळ धरली. ऑइल वरच्या खुणेच्या अर्धा इंच वर होतं आणि त्याला चक्क डिझेलचा वास येत होता, बोटाला लावलं तर पाण्यासारखं पातळ. मला वाटायचं ऑइल कमी झालं तर वाईट, वाढलं तर काय हरकत. पण ते वाढलेलं ऑइल नव्हतंच. प्रत्येक वेळी रीजनरेशनसाठी सोडलेलं डिझेल, गाडी मधेच बंद केल्यामुळं न जळता सिलेंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरत होतं. आणखी महिनाभर तसंच चालवलं असतं तर बेअरिंग आणि टर्बो गेला असता. कॉम्प्युटर लावून जाळी साफ केली, ऑइल-फिल्टर बदललं, त्यावर सुटलं.

म्हणून: जवळच्याच खेपा असतील तर आठवड्यातून एकदा गाडी हायवेला काढा आणि अर्धा-पाऊण तास एका लयीत पळवा. डीपीएफचा लाईट लागला तर घरी येऊन किल्ली काढू नका, आधी ती फेरी मारा. ऑइल डीपीएफला चालणारं, कमी राखेचं, कंपनीनं पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच घाला, दुकानदार स्वस्त दाखवेल ते नको. काही मॉडेलला युरियाचं पाणी म्हणजे ॲडब्लू किंवा डीईएफ लागतं, काहींना नाही, घेताना विचारा, आणि लागत असेल तर सीलबंद कॅनच घ्या, त्यात कधीही साधं पाणी मिसळू नका.

गल्लीतला कोणीतरी तुम्हाला सांगणारच की जाळी काढून टाक, सॉफ्टवेअर मारून देतो, कटकट संपली. नका करू. ते बेकायदेशीर आहे, आरटीओच्या पासिंगला म्हणजे तपासणीला अडकता, वॉरंटी जाते, आणि तो काळा धूर हौद्यामागं मोटारसायकलवर आपल्याच गावची माणसं घेतात.

अजून एक, उंदीर. बीएस सिक्सला सेन्सर आणि वायरी भरपूर आणि आपली गाडी उभी असते गोठ्याशेजारी किंवा कांद्याच्या चाळीशेजारी. एक वायर कुरतडली की गाडी जागेवर. बॉनेट आठवड्यातून दोनदा उघडून बघा, पेंढा, कांद्याची साल आत दिसली की समजा पाहुणे आलेत.

पायरी ५: कागद

पिवळी पाटी, काळी अक्षरं, म्हणजे तुम्ही आता व्यवसायात आहात आणि आरटीओ तुमच्याकडं तसंच बघणार.

लायसन्सचा गोंधळ बरेच जण करतात. ७५०० किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला साधं एलएमव्ही म्हणजे हलक्या गाडीचं लायसन्स चालतं, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला हे पक्कं केलं. परमिटचं असं की माल धरून एकूण वजन म्हणजे जीव्हीडब्ल्यू ३००० किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही, त्याच्या वर असेल तर लागतं. एकाच नावाच्या गाडीचं एक मॉडेल ३००० च्या आत आणि दुसरं बाहेर असू शकतं, म्हणून बुकिंगच्या आधी जीव्हीडब्ल्यूचा आकडा लेखी मागा. फिटनेस म्हणजे पासिंग पहिली ८ वर्षं दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. ८ वर्षांनंतर आपल्या राज्यात पर्यावरण कर पण लागतो. हायवेच्या टोलला जो वर्षाचा फास्टॅग पास निघालाय तो खासगी कार-जीपला आहे, आपल्याला नाही, हिशोबात धरू नका.

जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवर २८ चा १८ टक्के झालाय, त्यामुळं कोणाच्या जुन्या कोटेशनवर भाव ठरवू नका. आणि लोन संपल्यावर बँकेची एनओसी (ना हरकत दाखला) घेऊन आरसीवरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीवरचा कर्जाचा बोजा लगेच उतरवा. लोक हे राहू देतात आणि विकायच्या वेळी सहा महिने पळतात.

पायरी ६: जुनी घेत असाल तर

पहिली गाडी जुनी घेण्यात काही कमीपणा नाही, उलट धंदा जमतोय का ते कमी पैशात कळतं. पण मेकॅनिक बरोबर न्या आणि सकाळी सकाळी जा, मालकाला आधी सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नको. थंड इंजिन एका सेल्फला उठलं पाहिजे. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढा, भकाभक वाफ बाहेर येत असेल आणि झाकण उडत असेल तर रिंगा-पिस्टन गेलेत. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर पाणी किंवा नोझल, काळा म्हणजे हवा-डिझेलचा मेळ नाही.

मग खाली झोपा. कपडे खराब होऊ द्या. चॅसीवर म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर पाट्यांचे हँगर जिथं बसतात तिथं वेल्डिंगचा डाग, नवा रंग किंवा बारीक चीर दिसते का बघा. तिथं वेल्डिंग असेल तर गाडी आयुष्यभर ओव्हरलोड पळालीय, कितीही स्वस्त मिळाली तरी सोडा. पाटे मोजा, कंपनीपेक्षा एखादा जास्त असेल तर तेच कारण.

परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून चलान किती, फिटनेस-इन्शुरन्स कधीपर्यंत, बोजा कोणाचा, सगळं दिसतं. चलान मालकाकडून भरून घ्या आणि मगच पैसे द्या.

पायरी ७: लोड

याच्यावर मी सगळ्यात जास्त भांडतो लोकांशी. १७०० चं पासिंग म्हणजे टोमॅटो २० किलो आणि क्रेट स्वतः दोन किलो धरलं तर ७७ क्रेट. एवढंच. आणि आपल्याकडं १२० भरतात, म्हणजे २६०० किलोच्या वर. व्यापारी म्हणतो बाकीचे नेतात, तू का नाही. दंड बघा, २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार, म्हणजे एकदा वजनकाट्यावर सापडलात तर जवळपास चार खेपांचं आख्खं भाडं गेलं. पण दंड बाजूला ठेवा, खरी गोष्ट ब्रेकची आहे.

ओव्हरलोडला गाडी बसते म्हणून लोक काय करतात तर पाटा वाढवतात. आता बऱ्याच पिकअपना मागच्या ॲक्सलच्या वर चॅसीला एक छोटा व्हॉल्व असतो आणि त्याच्यातून एक सळई ॲक्सलला जोडलेली असते, पुढच्या वेळी खाली वाकून बघा, हाताला लागेल. गाडी लोडनं जेवढी खाली बसते तेवढी ती सळई सरकते आणि व्हॉल्वला कळतं की मागं वजन आहे, मग तो मागच्या ड्रमला ब्रेकचं प्रेशर जास्त सोडतो. तुम्ही पाटा वाढवला की गाडी बसतच नाही, सळई सरकत नाही, व्हॉल्वला वाटतं गाडी रिकामी आहे. म्हणजे अडीच टन माल वर आणि मागचा ब्रेक रिकाम्या गाडीएवढा. ही गोष्ट मला तिसऱ्या वर्षी कळली आणि मी त्या दिवशीच वाढवलेला पाटा काढून टाकला. तोपर्यंत मी त्याच गाडीनं माळशेज उतरत होतो.

भरताना जड माल केबिनकडं, हलका मागच्या फाळक्याकडं. सगळं वजन मागं गेलं की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग लोण्यासारखं लागतं, हेडलाईट आभाळात जातात आणि समोरचा आंधळा होतो. दोर दोन ठिकाणी आडवा, एक तिरका, १०-१५ किलोमीटरवर थांबून परत एकदा आवळा, कारण माल बसतो आणि दोर सैल पडतो.

आणि हौद्यात माणसं बसवू नका. देवाला जायचं असू दे, लग्नाचं वऱ्हाड असू दे, शेतातल्या बायका असू द्या. २०२५ च्या ११ ऑगस्टला, श्रावणी सोमवारी, खेड तालुक्यात कुंडेश्वरच्या दर्शनाला निघालेल्या बायकांची पिकअप घाटातून खाली गेली. आपल्या जवळचाच तालुका आहे हा. मालवाहू गाडीत अशी नेलेली माणसं इन्शुरन्समध्ये बसत नाहीत, पण तो मुद्दा नंतरचा. गावात कोणी मागायला आलं आणि नाही म्हणायला जड गेलं तर एसटीचं किंवा जीपचं भाडं वर्गणी काढून भरा, त्यात मी स्वतः पाचशे टाकतो, पण गाडी देत नाही.

पायरी ८: घाट

ज्या गिअरनं चढता त्याच गिअरनं उतरायचं. लोड असेल तर दुसरा, फार तर तिसरा, आणि पाय ब्रेकवर सतत ठेवायचा नाही, दाबायचा आणि सोडायचा. सतत धरला की लायनिंग तापते, जळका वास येतो आणि मग पायाखाली ब्रेक आहे पण गाडी ऐकत नाही अशी अवस्था येते. वास आला तर लगेच जागा बघून थांबा, २०-२५ मिनिटं जाऊ द्या, चाकावर पाणी ओतू नका, ड्रम तडकतो.

डिझेल वाचवायला न्यूट्रल करून, किंवा त्याहून वाईट म्हणजे इंजिन बंद करून उतरणारे मी डोळ्यांनी बघितलेत. इंजिन बंद झालं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबात संपतो, पॉवर स्टिअरिंग असेल तर ते दगड होतं. आणि गिअरमध्ये पाय सोडून उतरताना ही इंजिनं डिझेल सोडतच नाहीत, त्यामुळं न्यूट्रल करून वाचत काहीच नाही. पावसाळ्यात माळशेजला धुकं असं असतं की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही आणि वरून दगड येतात. अशा रात्री आळेफाट्याला थांबा. सकाळचा भाव गेला तर गेला.

पायरी ९: रोजचं

सकाळी चालू करायच्या आधी ऑइलची पट्टी, कूलंट, टायर, एवढं बघायचं. ऑइल कमी झालं तरी बघायचं आणि वाढलं तरी, ते वर सांगितलंच. थंडीत किल्ली ऑन करून इंजिन गरम करणाऱ्या कॉईलचा दिवा विझेपर्यंत थांबा, मग सेल्फ मारा. लांबून आल्यावर एक मिनिट तशीच चालू राहू द्या, टर्बोला ऑइल मिळत राहतं, मग बंद करा. टाकी पार तळाला जाऊ देऊ नका, गाळ ओढते आणि एअर धरली, म्हणजे डिझेलच्या लाईनीत हवा शिरली, की रस्त्यात पंप मारत बसावं लागतं. पावसाळ्यात डिझेल फिल्टरखालचा पाण्याचा नट महिन्यातून एकदा सैल करून पाणी काढा, काचेच्या ग्लासात धरा, खाली पाण्याचा थर वेगळा दिसतो. एअर फिल्टर आपल्या धुळीत पुस्तकातल्या किलोमीटरच्या निम्म्यात बघा.

आणि ती पहिल्या पायरीतली वही डॅशबोर्डवर ठेवा. प्रत्येक खेपेचं मीटर, डिझेल, भाडं, रिटर्न. ॲव्हरेज एकदम अर्धा-पाऊण किलोमीटरनं उतरलं की काहीतरी होतंय, ब्रेक धरतोय, हवा कमी आहे, नोझल गळतोय किंवा जाळी भरतेय, आणि हे लाईट लागायच्या आधी वहीत दिसतं. माझ्या वेळी १२.३ चं १०.८ झालं होतं त्या तीन महिन्यांत, पण मी तेव्हा लिहीत नव्हतो, नंतर पंपाच्या पावत्या जुळवल्या तेव्हा कळलं.